तिखल्यातला हिरवा ब्रेक

"दाजी, फाटक उघडा! पाच कधीच वाजले!"

सर्वेशने हॉकीची काठी फाटकावर खणखण वाजवली. आतून दाजीचा आवाज आला, "वाजवू नको रे फाटक! तुझ्या आज्यान बांधूक नाय ता!"

"तुमच्या आज्यानपण बांधूक नाय!" सर्वेश पुटपुटला. गौरजाने त्याला कोपरखळी मारली. रिंकचा रखवालदार दाजी मुळातच तिरसट, त्यात मे महिन्याचा उकाडा. आणखी चिडवलं तर तो मुद्दाम किल्ली शोधत बसला असता.

सातेरीवाडी मालवणपासून बरीच आत, काजूच्या डोंगरीखाली. अशा गावात भिंतीने वेढलेलं, सिमेंटचं, आरशासारखं गुळगुळीत स्केटिंग रिंक असणं म्हणजे गावाचं नशीबच! सुदेश सरांनी लोकांच्या मागे लागून लागून ते करून घेतलं आणि मुलांना चाकांच्या बुटांवरची हॉकी शिकवली. सर्वेश मोबाईलवर बर्फावरची हॉकी बघून उसासे टाकायचा. "आपल्याकडे बर्फ मासळीच्या पेटीत असता. थंय जाऊन खेळ!" असं गौरजा त्याला सुनवायची.

येत्या रविवारी देवगडचा संघ इथे खेळायला येणार होता. जिल्ह्याच्या संघासाठी मुलं निवडली जाणार होती ती याच सामन्यातून. गौरजा सातेरीवाडीची कर्णधार. तिला आताशा स्वप्नातही चेंडूच दिसायचा. सुदेश सर मात्र पुण्याला शिबिराला गेले होते आणि ते रविवारी सकाळीच परतणार होते. तोवर सगळी जबाबदारी तिच्यावर.

फाटक एकदाचं उघडलं.

"आजपण ओलं!" भार्गवी म्हणाली. भार्गवी ही गौरजाची मावसबहीण, सुट्टीसाठी ओरोसहून आलेली. वडील सरकारी नोकरीत असल्यामुळे ती घरातही ऑफिसातल्यासारखं शुद्ध बोलायची, आणि प्रश्न विचारून समोरच्याला भंडावून सोडायची. "दाजीकाका, रोज संध्याकाळी रिंक ओलं का असतं?"

"धूळ बसाक पाणी मारतंय! तुमच्याचसाठी. उपकार माना!"

गौरजाला नवल वाटलं. घरच्या मिरच्यांना तांब्याभर पाणी घालायचा ज्याला कंटाळा, तो दाजी पोरांसाठी अख्खं रिंक धुतो?

पण विचार करायला वेळ नव्हता. चेंडू सुटला. सर्वेश भिंतीकडून सुसाट आला, गौरजाने त्याच्यासमोर कचकन ब्रेक मारला, आणि तिला चुकवायला गेलेल्या सर्वेशचं चाक कशात तरी अडकलं. धाडकन तो तोंडावर आपटला!

"आयो! जळता गो, जळता!" तो गुडघा धरून लोळायला लागला. "मीठ चोळल्यासारखा जळता!"

"अरे, नुसतं खरचटलंय!" भार्गवी म्हणाली.

"तू पडून बघ! मग सांग!"

गौरजा खाली वाकली. जमिनीला खड्डा पडला होता. त्याच्या शेजारी दुसरा, पलीकडे तिसरा. तिने नखाने खरवडलं तर वाळू भसाभस सुटून आली. परीक्षेच्या आधी इथे हात फिरवला तर जमीन काचेसारखी लागायची!

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली, आणि भाई आत आले.

भाई म्हणजे क्रीडा मंडळाचे अध्यक्ष आणि गावातले कोकमाचे मोठे व्यापारी. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आणि त्याहून कडक आवाज. मुलांना ते कधी नावाने हाक मारत नसत. मागे दोन-चार गावकरी होते, तेही कपाळाला आठ्या घालूनच आलेले.

"बघा!" भाई गरजले. "बघा ह्या रिंकाची दशा! काठये आपटून आपटून पोरांनी जमीन खाल्ल्यानी!"

"भाई, आम्ही काठ्या आपटत नाही," गौरजा म्हणाली. "आणि लाकडी काठीने सिमेंट कसं..."

"उलट बोलतंस? दाजी, सांग रे!"

दाजीने क्षणभर जमिनीकडे बघितलं. मग छाती काढून म्हणाला, "मी डोळ्यान बगलंय. रोज आपटतत."

खोटारडा! गौरजाचं डोकं तडकलं. पण भाईंनी तिच्या हातातली काठी हिसकावली, सर्वेशची उचलली, बाकीच्यांच्याही गोळा केल्या आणि दाजीच्या खोलीत कोंबल्या.

"आजपासून रिंक बंद! शनिवारी देवळात सभा घेतंय. हयसर पर्यटकांच्या गाडयेंका जागा करूया. पोरांची थेरां पुरे झाली!"

"पण रविवारी सामना आहे! देवगडची मुलं येणार!"

"त्यांका सांग, समुद्रात खेळा!" भाई म्हणाले, आणि बरोबरची माणसं मोठ्याने हसली. त्या हसण्याने गौरजाच्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं नव्हे, शुद्ध रागाचं!

बातमी गावात मुलांच्या आधी पोचली. दुकानाच्या बाकड्यावरून विनीताकाकी ओरडली, "इली बघा, रिंकखाऊ इली!" झालं! तेच नाव पडलं. पाणी भरायला गेलं तर रिंकखाऊ, चेंडू शोधायला कुणाच्या दगडी कुंपणावर चढलं तर "रिंकखाऊंनू, आमचो गडगो खाव नकात!" कालपर्यंत सामन्याला ढोल वाजवायचं कबूल केलेल्या माणसांनीही तोंडं फिरवली. कुणी एकानेही मुलांना विचारलं नाही की बाबांनो, तुमचं काय म्हणणं?

घरीही तेच. "मान खाली घालूक लावलंस माका!" आईने ताट आदळलं. ताटात बांगड्याचं तिखलं होतं, गौरजाचं सगळ्यात आवडतं. ती रागारागाने जेवू लागली. रश्श्यातलं आमसूल चोखायची तिची जुनी सवय. तिने ते तोंडात टाकलं, आणि दाताखाली कचकच वाळू आली.

"शी!" तिने ते बाहेर काढलं. आमसुलाच्या घडीत काहीतरी चिकटलं होतं. तांदळाच्या कणीएवढं, रबरासारखं, आणि रंग पोपटी हिरवा.

गौरजा बघतच राहिली. तिच्या स्केट्सच्या पुढच्या टोकाला जे ब्रेक होते, ते मामाने गोव्याहून आणलेले, याच पोपटी रंगाचे. बाकी सगळ्यांचे काळे. ब्रेक मारला की त्यांचा असाच भुगा रिंकवर पडायचा!

तिने आमसूल आईपुढे धरलं. "आई, ही सोलां खंयची?"

"भाईंच्या दुकानातली. औंदा आपले रतांबे लागूक नाय. कित्याक गो?"

"भार्गवी," गौरजा हळूच म्हणाली, "माझो ब्रेक तिखल्यात इलो!"

दुसऱ्या दिवशी ऊन रणरणत असताना तिघं रिंकमागच्या डोंगरीवर चढली. ज्या वेळी सगळं गाव पंख्याखाली घोरत असतं, नेमकी तीच वेळ. वाळलेल्या काजूच्या पानांवर पाय पडला की चुरचुर आवाज व्हायचा आणि सर्वेश दर वेळी "शूऽऽ" करायचा. त्याचा तो "शूऽऽ"च जास्त मोठा होता. कड्याच्या टोकाशी त्यांनी पालथं पडून खाली बघितलं.

रिंक लाल झालं होतं!

या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रतांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सालं पसरली होती. मधून दाजी डोक्यावर पंचा टाकून फिरत होता आणि बादलीतला लालभडक रस तांब्याने त्यांच्यावर शिंपडत होता. रतांब्याची सालं त्याच्याच खारवलेल्या रसात भिजवायची, वाळवायची, पुन्हा रस द्यायचा, पुन्हा वाळवायची. अशीच तर आमसुलं होतात. एरवी भाई ती आपल्या घरासमोरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, घालत. पण यंदा त्यांनी घरात पर्यटक ठेवले होते, आणि चकचकीत नव्या खळ्यात पर्यटकांच्या गाड्या उभ्या होत्या.

"सापडला चोर!" भार्गवीने मोबाईल काढून फोटो घेतला.

"चोर कसलो?" सर्वेश म्हणाला. "सुकत घालणा काय गुन्हो आसा? सपाट आणि उन्हातली जागा दिसली की आमच्या गावात कोणपण कायपण सुकत घालता! माझी आजी शाळेच्या ओट्यावर कुळीथ घालता. भाई म्हणतले, घातलंय, मग? झाडून धुवून देतंय. आणि खड्डे तुमीच पाडलास!"

हे खरंच होतं.  आमसुलांचा नि खड्ड्यांचा संबंध काय?

सर्वेश आणखी पुढे सरकला, आणि त्याच्या पायातली चप्पल सुटून घरंगळत खाली गेली. ती थेट दाजीच्या बादलीशी पडली.

"कोण ता?" दाजीने मान वर केली आणि दगडच उचलला. "थांबा मेल्यानू! तंगडी मोडतंय एकेकाची!"

दगड सणसणत आला आणि काजूच्या बुंध्यावर आपटला. तिघांनी धूम ठोकली. रिंकच्या भिंतीमागून पळताना मात्र गौरजा क्षणभर थांबली. जमीन घातली तेव्हा उरलेल्या सिमेंटचा सुकून दगड झालेला एक थापा तिथे गवतात पडून होता. का कोण जाणे, तिने तो उचलून घेतला.

घरी आई मागच्या पायरीवर बसून समई घासत होती. पितळेवर काळपट डाग होते. ती चोथा झालेली आमसुलं मिठात बुडवून चोळत होती, आणि हात फिरेल तिथे पितळ सोन्यासारखं उजळत होतं.

"आई, ता काळा खंय जाता गो?"

"खंय जातला? सोलाचो आंबटपणा खाता तेका."

खातो! गौरजा ताडकन उठली. "भार्गवी! सर्वेश! रिंक कोणी खाल्ल्यान ता गावला!"

फडताळात भाईंच्याच दुकानातली आगळाची बाटली होती. आगळ म्हणजे रतांब्याचा खारवलेला दाट रस. भार्गवीने सिमेंटच्या थाप्यावर तो ओतला. तिघांची डोकी एकमेकांना टेकली. आधी काहीच झालं नाही. मग बारीक बुडबुडे वर आले आणि थापा चुरचुरायला लागला.

"आम्ल!" भार्गवी किंचाळली. "सिमेंटमध्ये चुनखडी असते. आम्लाने ती विरघळते. शाळेत प्रयोग केलाय आम्ही!"

"आणि मीठ!" सर्वेशने गुडघा धरला. "मेल्यांनी माका खारवल्यानी!"

त्यांनी थाप्याचं एक टोक वाडग्यातल्या आगळात बुडवून ठेवलं. एवढ्यात पुढच्या दारी मोटारसायकल वाजली.

भाई पायरी चढूनही आले नाहीत. खळ्यातूनच त्यांनी सर्वेशची चप्पल भिरकावली आणि गौरजाकडे बोट रोखलं. "यशोदा! तुझी पोरां माझ्या मालावर नजर ठेवतत. उद्या सभेत ह्या चेडवान तोंड उघडल्यान तर बरा होवचा नाय! घरात डांबून ठेव तेका!"

आई पदराला हात पुसत बाहेर आली. कालपासून ती गौरजाशी धड बोललीही नव्हती. आता आणखी बोलणी बसणार म्हणून गौरजाने मान खाली घातली.

"भाई," आई म्हणाली, "काल माझ्यापण दाताखाली रेव इली. ती खंयची ता माका कळूक होया. चेडू माझा आसा. येवचा काय नाय ता मी ठरवतलंय."

भाईंची मोटारसायकल केवढ्याने गुरगुरत गेली! गौरजाने आईला मिठी मारली, तर आईने तिला ढकललं. "सोड! आधी सिद्ध कर. नाय तर मीच डांबतंय!"

सातेरीच्या देवळाचा सभामंडप शनिवारी माणसांनी भरून गेला. मधोमध परशुराम गुरुजी बसले होते. गावातले सगळ्यात वयस्कर, भाईंनाही ज्यांनी पाढे शिकवले होते ते. भाईंनी माईक हातात घेतला तो सोडेचनात. पोरं कशी माजलीत, गावाची मालमत्ता कशी धुळीला मिळाली, गाड्यांना जागा दिली तर गाव कसं पुढे जाईल! लोक माना डोलवत होते.

"मग रिंक मोडूचा, असा सगळ्यांचा मत आसा?" भाईंनी विचारलं.

"मला बोलायचं आहे!" गौरजा उभी राहिली. सभेत बोलायचं म्हणून तिने शाळेतली भाषा काढली होती.

"बस खाली!"

"रिंकखाऊ, गप रव!"

"पोरांका हयसर काय काम?"

चारी बाजूंनी आवाज आले. कुणीतरी तिचा फ्रॉक ओढून तिला खाली बसवायला बघितलं. तेव्हा गुरुजींनी काठी आपटली. "आरोप तिच्यावर आसा मां? मग आधी तिका बोलांदेत!"

गौरजा पुढे गेली. तिने आधी तो थापा वर धरला. "हा रिंकच्याच सिमेंटचा. या बाजूला कशाचाही हात लागलेला नाही. ही बाजू फक्त काल दुपारपासून आगळात होती." तिने भिजलेल्या टोकावर नख फिरवलं. वाळू भुरभुर खाली पडली. दुसऱ्या टोकावर फिरवलं, काहीच पडलं नाही.

"कसला आगळ? कोणाचा?" भाई उसळले.

"तुमचंच. हे बघा, बाटलीवर तुमचा फोटो आहे." लोक हसले, पण ते हसणं अजून गौरजाच्या बाजूचं नव्हतं. भार्गवीने थाप्याच्या कोरड्या बाजूवर बाटलीतलं आगळ ओतलं आणि सर्वेशने भाईंच्या हातातला माईक चटकन ओढून थाप्याशी नेला. देवळाच्या कर्ण्यातून साऱ्या गावाला ऐकू गेलं, चुर्रर्रर्रऽऽ!

 लगेच भार्गवीने मोबाईलवरचा फोटो आधी गुरुजींना दाखवला, मग पुढच्या रांगेतून फिरवला.

"मी... मी धुवून घेतलंय रोज!" दाजीच्या तोंडून निसटलं. "भाईंनीच सांगितल्यानी! पोरां येवच्या आधी उचल, पाणी मार, कोणाक कळूचा नाय!"

"त्यात काय झाला?" भाई ओरडले. "माझ्या खळ्यात जागा नाय! चार दिवस सोलां घातलंय तर काय आभाळ कोसळला? सोलांनी सिमेंट जाता, ह्या माका काय ठाऊक?"

"ठाऊक नव्हतं, तर आम्हाला का बोललात?" गौरजाचा आवाज चढला.  तिने खिशातून कागदाची पुडी काढली आणि उलगडून गुरुजींच्या पुढ्यात ठेवली. शेजारी आपला स्केट ठेवला. "हा हिरवा तुकडा माझ्या ब्रेकचा. तो रिंकवरून भाईंच्या आमसुलांना चिकटला आणि आमच्या तिखल्यात आला. वाळूसकट! या उन्हाळ्यात भाईंच्या दुकानातली आमसुलं ज्यांनी ज्यांनी घेतली, त्यांनी रिंक खाल्लंय. सांगा आता, रिंकखाऊ कोण?"

विनीताकाकीने तोंडावर हात ठेवला. "अगो बाय! म्हणान माझ्या सोलकढीत रेव!"

"आमच्याकडेपण! मी बायलेक ओरडलंय, तांदूळ धड धुवूक नाय म्हणान!"

"माझ्या जावयाचो दात हाललो!"

आणि मग जो कल्ला झाला! आतापर्यंत मुलांवर डोळे वटारणारं गाव एका झटक्यात भाईंकडे वळलं. दाजी खांबामागे सरकला. भाईंनी दोन-तीनदा तोंड उघडलं, पण माईक सर्वेशच्या ताब्यात होता आणि तो काही सोडत नव्हता.

गुरुजींनी पुन्हा काठी आपटली. "भाई, पाढे पाठ केलंस, पण इचार करूक शिकलंस नाय. पावसाआधी रिंकाची जमीन तू नवीन करून देतलंस. सोलां ह्यापुढे तुझ्या खळ्यात." मग ते मुलांकडे वळले. "पोरांनू, शाब्बास! गावाचे डोळे उघडलास. आमका तुमचो अभिमान वाटता."

टाळ्या पडल्या. सर्वेश वाकून वाकून नमस्कार करू लागला. गौरजा मात्र हलली नाही.

"गुरुजी, शाबासकी नंतर. आधी ज्यांनी ज्यांनी रिंकखाऊ म्हटलं, त्यांनी सॉरी म्हणावं. आणि रविवार उद्याच आहे. आम्ही खेळायचं कुठे?"

मंडपात चुळबुळ झाली. मोठ्यांना लहानांची माफी मागायची म्हणजे किती जड जातं! पहिली उठली ती विनीताकाकी. "चुकला गो बाय," ती म्हणाली आणि तिने गौरजाच्या गालावरून हात फिरवला. मग एकेक करून बाकीचेही पुटपुटले. दाजीने तर रिंकवर जाऊन खोली उघडली आणि काठ्या आणून दिल्या. आई मागे उभी होती. तिने पदराने डोळे टिपले आणि कुणी बघितलं नाही ना, हे बघून घेतलं.

"आणि जागा?" भार्गवीने विचारलं. तिला प्रश्न विसरणं माहीतच नव्हतं.

गुरुजी मिशीत हसले. "गावात तसला गुळगुळीत खळा एकच आसा."

सगळ्यांनी भाईंकडे बघितलं.

रविवारी पर्यटकांच्या गाड्या काढून माडा-पोफळीच्या कुळागराबाहेर उन्हात लावल्या गेल्या आणि भाईंचं खळं झाडून लख्ख झालं. चिऱ्यांच्या गडग्यावर गाव बसलं होतं. ढोलवाले न बोलावता आले होते. सुदेश सर देवगडच्या संघाबरोबर गाडीतून उतरले आणि म्हणाले, "अरे, रिंक सोडून हे काय?" तेव्हा पंधराजण एकदम बोलू लागले.

भाई ओटीवर खुर्ची टाकून बसले होते. गुरुजींनीच त्यांना बसवलं होतं, स्वतःच्या शेजारी. मुलांनी काठ्या टेकल्या तसे ते अर्धे उठले. "अरे, सांबाळून! माझ्या खळ्याक खड्डे पडतले!"

"पडूचे नाय, भाई!" गौरजा तिथूनच ओरडली. "आमी हयसर सोलां सुकत घालूक नाय!"

गडग्यावरून हशाचा असा लोट आला की रेफ्रीची शिट्टी कुणाला ऐकूच गेली नाही.

सामना देवगडने एका गोलाने जिंकला, हे खरं सांगायलाच हवं. पण जिल्ह्याच्या संघासाठी नावं पुकारली गेली तेव्हा सातेरीवाडीची दोन होती, सर्वेशचं आणि गौरजाचं. आपलं नाव ऐकताच गौरजा भरधाव आईकडे निघाली आणि तिच्यासमोर येऊन कचकन थांबली. भाईंच्या चकचकीत खळ्यावर एक लांबलचक हिरवी रेघ उमटली. भाईंनी ती बघितली, गुरुजींनी भाईंकडे बघितलं, आणि भाई मुकाट्याने खुर्चीत बसून राहिले.